अळीचं पुढे काय होतं?

पावसाळा सुरू होऊन महिना-दीड महिना झाला की शाळेत एक प्रसंग हमखास घडतो. कुणीतरी काड्यापेटीत किंवा कंपासपेटीत एक अळी घेऊन येतं. मधल्या सुट्टीत भोवती घोळका जमतो. घंटा होते, आपण वर्गात शिरतो आणि म्हणतो, "आधी ते बाहेर टाक. अंगाला खाज सुटेल." आणणारी मुलगी असेल तर आणखी एक वाक्य येतं, "मुलीनं किडे कसले गोळा करायचे?" मग आपण धड्याकडे वळतो. गंमत म्हणजे तो धडा कधीकधी नेमका फुलपाखराच्या जीवनचक्राचाच असतो! फळ्यावर अंडं, अळी, कोश, फुलपाखरू अशी चार चित्रं आणि त्यांना जोडणारे बाण.

हे बाण आज आपल्या इतके सरावाचे झाले आहेत की ते कुणाला तरी शोधून काढावे लागले असतील, हे मनातही येत नाही. साडेतीनशे वर्षांपूर्वी मात्र परिस्थिती वेगळी होती. अळी आणि फुलपाखरू हे एकच प्राणी आहेत, ही गोष्ट त्या काळी फार थोड्यांना पटली होती. ज्यांनी अळ्या पाळून, दिवसचे दिवस त्यांच्यासमोर बसून हे बाण एकेका जातीसाठी भरले, त्यांत एक बाई होती. तिचं नाव मारिया सिबिला मेरियन. कीटकांचा अभ्यास करण्यासाठी वयाच्या 52 व्या वर्षी ती अटलांटिक महासागर ओलांडून दक्षिण अमेरिकेच्या जंगलात गेली, म्हणून तिला धाडसी म्हणतात. ते खरंच आहे. पण तिचं मोठं धाडस त्या प्रवासाच्या खूप आधी, घरातल्या स्वयंपाकघराशेजारी सुरू झालं होतं. ते काय होतं ते पाहू.

घाणीतून किडे, चिखलातून बेडूक

आपल्या जुन्या ग्रंथांत प्राण्यांचे प्रकार सांगितले आहेत: जरायुज म्हणजे वारेतून जन्मणारे, अंडज म्हणजे अंड्यातून जन्मणारे, उद्भिज्ज म्हणजे जमीन फोडून वर येणारे आणि स्वेदज म्हणजे घामातून, ओलाव्यातून उपजणारे. उवा, ढेकूण, बारीकसारीक किडे हे स्वेदज. युरोपातही ॲरिस्टॉटलपासून असंच मानत आले होते. मांस सडलं की त्यातून माश्या होतात, चिखलातून बेडूक होतात, कोबीच्या पानावरच्या दवातून अळ्या होतात. अशा कल्पनेला दोष देण्याचं कारण नाही. ज्याला अंडी दिसली नाहीत, त्याला किडे आपोआप उपजल्यासारखेच दिसणार.

इ.स. 1668 मध्ये फ्रान्सेस्को रेडी या इटालियन वैद्यानं मांसाचे तुकडे काही उघड्या आणि काही झाकलेल्या बरण्यांत ठेवले. उघड्या बरण्यांत माश्या शिरल्या आणि अळ्या झाल्या, झाकलेल्या बरण्यांत झाल्या नाहीत. हा प्रयोग आपण पाठ्यपुस्तकात शिकवतो. पण एका प्रयोगानं प्रश्न संपत नाही. माशीचं ठीक आहे. बाकीच्या शेकडो किड्यांचं काय? प्रत्येक जात कुठे अंडी घालते, तिची अळी काय खाते, कशी वाढते, तिचं पुढे काय होतं? याचं उत्तर एका बरणीत मिळणार नव्हतं. त्याला वर्षानुवर्षं पाहत बसणारा माणूस हवा होता.

रेशीमकिड्यांपासून सुरुवात

मारियाचा जन्म 2 एप्रिल 1647 रोजी जर्मनीतल्या फ्रँकफर्ट शहरात झाला. वडील मात्थेउस मेरियन हे नामांकित नक्षीकार आणि प्रकाशक होते. ती तीन वर्षांची असताना ते वारले. आईनं दुसरं लग्न केलं ते याकोब मारेल या चित्रकाराशी. तो फुलांची चित्रं काढण्यात तरबेज होता. त्याच्या चित्रशाळेत शिकाऊ मुलं येत. त्यांच्याबरोबर मारियाही रेषा, रंग आणि तांब्याच्या पत्र्यावर कोरायचं काम शिकली.

फुलांच्या चित्रात शोभेसाठी एखादा भुंगा, एखादं फुलपाखरू घालायची तेव्हा पद्धत होती. ते किडे बहुधा मेलेले, टाचणीला टोचलेले असत. 13 वर्षांच्या मारियानं मात्र जिवंत किडे पाळायला घेतले. सुरुवात रेशीमकिड्यांपासून झाली. त्यांना ती तुतीची पानं देई. अंड्यातून अळी, अळीचं कात टाकत वाढणं, रेशमी कोश, कोशातून बाहेर येणारा पतंग हे सगळं तिनं पाहिलं. रेशीम काढणाऱ्यांना हे पिढ्यान्‌पिढ्या माहीत होतं. मारियाचं पुढचं पाऊल नवं होतं. तिच्या लक्षात आलं की इतर अळ्यांमधून रेशमाच्या पतंगापेक्षा कितीतरी सुंदर फुलपाखरं आणि पतंग निघतात. मग सापडेल ती अळी घरी आणायची आणि तिचं काय होतं ते पाहायचं, असा तिनं नेमच केला. हा नेम पुढे 50 वर्षं टिकला.

फुलं चालतील, किडे नाहीत

वयाच्या 18 व्या वर्षी तिचं लग्न झालं. नवरा योहान आन्द्रेआस ग्राफ हा तिच्या सावत्र वडिलांचाच शिष्य. दोघं न्यूरेंबर्गला राहायला गेले. दोन मुली झाल्या: योहाना हेलेना आणि डोरोथिया मारिया.

त्या काळी जर्मन शहरांत कारागिरांचे संघ असत. कुणी कोणता धंदा करायचा, हे ते ठरवत. तैलरंगातली मोठी चित्रं हा पुरुषांचा प्रांत होता. बायकांनी जलरंगात फुलं काढावीत, भरतकामाचे नमुने तयार करावेत, याला कुणाची हरकत नव्हती. मारियानं तेवढ्या जागेचा पुरेपूर उपयोग केला. श्रीमंत घरच्या मुलींना ती चित्रकला आणि भरतकाम शिकवू लागली. 1675 पासून फुलांच्या चित्रांचं पुस्तक भागाभागानं काढलं. त्यातले नमुने कापडावर उतरवता येत. विद्यार्थिनींच्या घरच्या बागा तिला मोकळ्या झाल्या, आणि बागांमध्ये अळ्या होत्या!

विद्यापीठात जाणं बाईला शक्य नव्हतं. विद्वानांच्या सभांमध्येही तिला जागा नव्हती. उदाहरणच द्यायचं तर लंडनच्या रॉयल सोसायटीची स्थापना 1660 साली झाली आणि तिथे पहिल्या स्त्री सभासद निवडल्या गेल्या त्या 1945 साली. मारियाची प्रयोगशाळा म्हणजे घरातली लाकडी खोकी, पानं, भिंग आणि रंग. दोन मुलींचं करून, शिकवण्या सांभाळून ती अळ्यांना रोज ताजी पानं घाली. अळीनं कात कधी टाकली, कोश कधी केला, फुलपाखरू कोणत्या दिवशी निघालं हे लिहून ठेवी. प्रत्येक अवस्थेचं छोटं चित्र चर्मपत्राच्या तुकड्यावर काढी आणि ते एका वहीत लावून समोर नोंद करी. ही वही आज सेंट पीटर्सबर्गच्या विज्ञान अकादमीच्या ग्रंथालयात आहे.

1679 साली तिचं अळ्यांवरचं पुस्तक आलं. त्यात 50 चित्रं होती. 1683 साली आणखी 50 चित्रांचा दुसरा भाग आला. पुस्तक विद्वानांच्या लॅटिनमध्ये नव्हतं, लोकांच्या जर्मनमध्ये होतं.

चित्रात झाड कशाला?

या पुस्तकातलं कोणतंही चित्र पाहिलं तर एक गोष्ट लगेच डोळ्यांत भरते. मधोमध एक झाड किंवा फांदी असते. पानावर अंडी, पान कुरतडणारी अळी, देठाला लटकलेला कोश आणि वर उडणारं फुलपाखरू. आज आपल्याला यात काही विशेष वाटत नाही. पण तोपर्यंत कीटकांची चित्रं बहुतेक पांढऱ्या कागदावर ओळीनं मांडलेली असत. मारियाआधी योहानेस गुडार्ट या डच चित्रकारानं अळ्या पाळून त्यांच्या अवस्था काढल्या होत्या. त्याच काळात यान स्वामरडॅम यानं अळीचं शवविच्छेदन करून आत घडी घातलेले पंख दाखवले होते. दोघांचंही काम मोठं आहे. पण कीटक आणि त्याचं अन्न एकाच चित्रात सातत्यानं दाखवायचं, ही मारियाची पद्धत.

झाड शोभेसाठी नव्हतं, तो निरीक्षणाचा भाग होता. अळ्या पाळताना तिला कळलं होतं की अनेक अळ्या ठरावीक पानंच खातात. ती मिळाली नाहीत तर उपाशी मरतात. याचं कारण आज आपल्याला माहीत आहे. किड्यांपासून बचाव करण्यासाठी वनस्पती पानांत निरनिराळी रसायनं तयार करतात. एखाद्या जातीच्या अळ्या ठरावीक रसायन पचवायला किंवा बाजूला साठवायला सरावतात, पण मग त्याच वनस्पतींशी बांधल्या जातात. म्हणून फुलपाखराची मादी अंडी घालण्यापूर्वी पानावर बसून पायांनी ते 'चाखते'. तिच्या पायांवर रसायनं ओळखणारे सूक्ष्म केस असतात. पान योग्य असेल तरच ती अंडं चिकटवते.

अळी आणि फुलपाखरू यांचं अन्नही वेगळं. अळीला जबडे असतात, ती पानं खाते आणि वाढते. फुलपाखराला सोंड असते, ते मध पितं, उडतं आणि अंडी घालतं. कोशात अळीच्या शरीराचा बराचसा भाग विरघळतो आणि अळीत आधीपासून असलेल्या पेशींच्या छोट्या पुंजक्यांपासून पंख, पाय, डोळे वाढतात. म्हणजे फुलपाखरू जगायचं तर दोन प्रकारचं अन्न, दोन्ही योग्य वेळी, जवळपास असायला हवं. बागेत नुसती परदेशी शोभेची फुलं लावली आणि रानटी झुडपं उपटली तर फुलपाखरं कमी का होतात, याचं उत्तर यात आहे. सजीव आणि परिसर यांचं नातं अभ्यासणाऱ्या शास्त्राला आपण परिसरविज्ञान म्हणतो. हा शब्द जन्माला येण्यापूर्वी सुमारे दोनशे वर्षं मारिया ते नातं रंगवत होती.

अळीतून माशी?

एक कोडं मात्र तिलाही पडलं होतं. कधीकधी एकसारख्या दिसणाऱ्या अळ्यांपैकी एकीतून पतंग निघे आणि दुसरीतून चक्क बारीक माश्या किंवा गांधीलमाशीसारखे किडे बाहेर पडत. गुडार्टलाही हे दिसलं होतं. एकाच अळीतून दोन वेगळे प्राणी कसे?

आपल्याकडे भ्रमरकीटन्याय प्रसिद्ध आहे. कुंभारीण माशी मातीचं घर करते, त्यात अळी आणून ठेवते आणि तोंड बंद करते. काही दिवसांनी त्यातून अळी नाही, कुंभारीण माशीच बाहेर येते. माशीचा सतत ध्यास घेऊन अळीच माशी झाली, असं लोक मानत. खरा प्रकार असा की माशी घरात स्वतःचं अंडंही घालते आणि तिचं पिल्लू ती अळी खाऊन वाढतं. मारियाच्या खोक्यातही असंच काहीसं होत होतं. परजीवी कीटकांनी अळीच्या अंगात आधीच अंडी घातलेली असत. याचा उलगडा पुढे इतरांनी केला. मारियानं काय केलं? जे दिसलं ते, पटत नसूनही, जसंच्या तसं नोंदवलं. वहीतून 'चुकीचं' उत्तर खोडून टाकणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यांना ही गोष्ट जरूर सांगावी.

घर सोडलं

सावत्र वडील वारल्यावर मारिया फ्रँकफर्टला आईकडे परतली. 1685 मध्ये आई आणि दोन्ही मुलींना घेऊन ती हॉलंडच्या उत्तरेकडच्या फ्रीसलँड भागात, व्हिउवर्ड इथे राहणाऱ्या लाबादी नावाच्या ख्रिस्ती पंथात सामील झाली. तिथे साधी राहणी होती आणि मालमत्ता सामाईक होती. नवरा न्यायला आला, पण ती परत गेली नाही. पुढे घटस्फोट झाला. सतराव्या शतकातल्या बाईसाठी हे पाऊल समुद्रप्रवासाइतकंच अवघड होतं.

आई वारल्यावर 1691 मध्ये ती मुलींसह ॲमस्टरडॅमला आली. चित्रं, रंग आणि जतन केलेले प्राणी विकून तिघी पोट भरू लागल्या. ॲमस्टरडॅम तेव्हा जगाच्या व्यापाराचं मोठं केंद्र होतं. जहाजांतून दूरदेशीचे शंख, पक्षी, फुलपाखरं येत आणि श्रीमंतांच्या संग्रहात जात. मारियानं ते संग्रह पाहिले आणि तिला त्यांत मोठी उणीव जाणवली. फुलपाखरं होती, पण ती कुठून आली, कशी झाली हे कुठेच नव्हतं. ना अळी, ना कोश, ना झाड. पुढे 1705 साली लंडनच्या एका संग्राहकाला तिनं पत्रात स्पष्ट कळवलं की आपल्याला आणखी वाळलेले प्राणी नकोत. ते कसे निपजतात, कसे बदलतात आणि काय खातात एवढंच आपल्याला हवं आहे.

मग हे पाहायचं कुठे? जिथे ते राहतात तिथेच.

सुरीनामच्या जंगलात

दक्षिण अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावरचं सुरीनाम 1667 पासून डच लोकांच्या ताब्यात होतं. 1699 साली मारियानं मृत्युपत्र केलं, आपला संग्रह आणि 255 चित्रं विकून पैसे उभे केले आणि उन्हाळ्यात ती जहाजावर चढली. सोबत धाकटी मुलगी डोरोथिया, वय 21. कुणी राजा, कंपनी किंवा विद्वानांची सभा पाठीशी नव्हती. पुरुष नातेवाईक बरोबर नव्हता. अलेक्झांडर फॉन हुम्बोल्ट हा प्रसिद्ध शास्त्रज्ञ स्वखर्चानं दक्षिण अमेरिकेला निघाला तो बरोबर शंभर वर्षांनी, 1799 मध्ये.

पारामारिबो गावात घर घेऊन दोघींनी काम सुरू केलं. उष्ण दमट हवा, मुंग्या, झुरळं, सतत पाऊस. गोळा केलेले काही प्राणी दारूच्या बाटल्यांत ठेवायचे, अळ्या पाळायच्या, लगेच चित्रं काढायची. तिथले डच मळेवाले तिची थट्टा करत. त्यांना उसापलीकडे काही दिसत नव्हतं. साखरेशिवाय आणखी काही शोधायला कुणी इथे येतं, हेच त्यांना चमत्कारिक वाटे.

ही साखर गुलामांच्या श्रमांवर पिकत होती. आफ्रिकेतून पकडून आणलेली माणसं आणि तिथले मूळ रहिवासी मळ्यांवर राबत. दाट जंगलात मारियासाठी कुऱ्हाडींनी वाट काढणारे, अळ्या आणून देणारे, झाडांची नावं आणि गुण सांगणारे हेच लोक होते. मारियाच्या हाताखालीही गुलाम होते. ती त्या व्यवस्थेच्या बाहेर नव्हती. पण त्यांनी सांगितलेल्या गोष्टी तिनं त्यांनी सांगितल्या म्हणूनच लिहिल्या.

त्यातली एक नोंद वाचून मन सुन्न होतं. आपल्या अंगणात लाल-पिवळ्या तुऱ्यांचा शंकासुर असतो. तोच सुरीनाममध्ये होता. त्याच्या बिया गुलाम स्त्रिया गर्भ पाडण्यासाठी घेत, कारण मालकांचा छळ असह्य होता आणि आपली मुलं गुलाम म्हणून जन्मावीत असं त्यांना वाटत नव्हतं. हे आपल्याला त्या स्त्रियांनीच सांगितलं, असं मारियानं लिहिलं. वनस्पतींच्या पुस्तकात अशी नोंद करायला त्या काळी दुसरा कोण धजावला असता? एखाद्या पुरुष विद्वानाला त्या स्त्रियांनी हे सांगितलं असतं का, हाही विचार करण्याजोगा प्रश्न आहे.

21 महिन्यांनी तापानं ती इतकी खंगली की तिला परतावं लागलं. सप्टेंबर 1701 मध्ये ती ॲमस्टरडॅमला पोचली. तिच्याबरोबर एक मूळ रहिवासी स्त्रीही आली होती. पुस्तकाच्या कामात तिनं मदत केली असणार. तिचं नाव मात्र पुस्तकात नाही.

पक्षी खाणारा कोळी

1705 साली ॲमस्टरडॅममध्ये सुरीनामच्या कीटकांच्या रूपांतरणावरचं तिचं मोठं पुस्तक प्रसिद्ध झालं. मोठ्या आकाराची 60 चित्रं, मजकूर डच आणि लॅटिनमध्ये. अननस, केळी, पेरू, पपई अशा झाडांवर त्यांच्या अळ्या आणि फुलपाखरं. एका चित्रात पाठीवरच्या कातडीत पिल्लं वाढवणारी पिपा नावाची बेडकी. युरोपातल्या वाचकांनी हे जग प्रथमच असं नांदताना पाहिलं. पुढे कार्ल लिनियसनं प्राण्यांना शास्त्रीय नावं देताना तिच्या चित्रांचा वारंवार आधार घेतला.

अठरावं चित्र पेरूच्या झाडाचं आहे. त्यात एक मोठा केसाळ कोळी एका छोट्या गुंजनपक्ष्याला खातो आहे आणि मुंग्या एकमेकींना धरून पूल करत आहेत. हे चित्र पुढे तिच्या अंगावर आलं. 1834 साली लॅन्सडाउन गिल्डिंग या पाद्री निसर्गअभ्यासकाचा लेख छापून आला. त्यात मारियाच्या पुस्तकाची खिल्ली उडवली होती. गिल्डिंग स्वतः सुरीनामला कधीच गेला नव्हता. पण बाईनं ऐकीव गोष्टींवर विश्वास ठेवला, हे म्हणणं लोकांना सहज पटलं. 1863 साली हेन्री वॉल्टर बेट्स या इंग्रज निसर्गअभ्यासकानं ॲमेझॉनच्या खोऱ्यातल्या आपल्या भटकंतीचं पुस्तक प्रसिद्ध केलं. त्यात अशाच एका केसाळ कोळ्यानं लहान पक्षी पकडल्याचं त्यानं स्वतः पाहिलेलं वर्णन आहे. लष्करी मुंग्या स्वतःच्या शरीरांचे पूल करतात, हेही आज सर्वांना माहीत आहे.

तिच्या चुका झाल्याच नाहीत असं नाही. त्याच अठराव्या चित्रात गुंजनपक्ष्याच्या घरट्यात चार अंडी आहेत; हे पक्षी दोन अंडी घालतात. मुंग्यांच्या दोन वेगळ्या प्रकारांचं वर्णन तिनं एकत्र केलं. कंदीलकिड्याचं डोकं अंधारात उजळतं असं तिनं लिहिलं. ते खरं नाही. चुका दाखवायलाच हव्यात. पण त्या दाखवण्यासाठी किडा पाहावा लागतो, बाई आहे की पुरुष ते पाहून चालत नाही. पुरुषांच्या पुस्तकांतही अशा चुका ढिगानं होत्या. त्यांच्या चुकांना चूक म्हटलं गेलं. हिच्या एका बरोबर निरीक्षणावरून सगळं पुस्तकच संशयास्पद ठरवलं गेलं.

नाव परत आलं

1715 च्या सुमारास मारियाला पक्षाघात झाला. 13 जानेवारी 1717 रोजी ती वारली तेव्हा हाती पैसा उरला नव्हता. त्याच सुमारास रशियाच्या पीटर बादशहासाठी तिची चित्रं खरेदी झाली. अळ्यांच्या पुस्तकाचा तिसरा भाग डोरोथियानं प्रसिद्ध केला आणि पुढे ती सेंट पीटर्सबर्गला गेली. एकोणिसाव्या शतकात मारियाचं नाव मागे पडलं. "फुलांची चित्रं काढणारी एक बाई" एवढीच ओळख राहिली. विसाव्या शतकात तिच्या वह्या आणि चित्रं पुन्हा अभ्यासली गेली. 1992 साली जर्मनीच्या 500 मार्कांच्या नोटेवर तिचं चित्र आलं. नोटेच्या मागच्या बाजूला काय होतं? एक झाड, त्यावर अळी आणि तिचा पतंग. युरो आल्यावर 2002 मध्ये ही नोट चलनातून गेली.

वर्गात करून पाहा

मारियाला लागलेलं सगळं साहित्य आपल्या शाळेत आहे. कढीपत्ता किंवा लिंबाच्या कोवळ्या पानांवर पावसाळ्यात पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी छोटी अळी शोधा. मोठी झाल्यावर ती हिरवी होते. रुईच्या पानांवर काळे, पांढरे, पिवळे पट्टे असलेली अळी मिळेल. केसाळ अळ्यांना हात लावू नये. रुंद तोंडाच्या बरणीत पानांसह अळी ठेवा, तोंडाला जाळीचं कापड बांधा, आत एक उभी काडी ठेवा. रोज त्याच झाडाची ताजी पानं घाला आणि विष्ठा काढून टाका. साधारण दोन-तीन आठवड्यांत कोश होईल आणि त्यानंतर आठ-दहा दिवसांत फुलपाखरू. पंख वाळले की त्याला सोडून द्या.

वहीत रोज चार गोष्टी लिहाव्यात: तारीख, लांबी, काय खाल्लं, काय बदललं. सोबत एक चित्र. अळीला दुसऱ्या झाडाचं पानही देऊन पाहा. ती खाते का? आणि कोशातून फुलपाखराऐवजी बारीक माश्या निघाल्या तर "प्रयोग फसला" असं म्हणू नका. साडेतीनशे वर्षांपूर्वीचं मारियाचं कोडं आपल्या बरणीत आलं आहे, हे मुलांना सांगा आणि त्यांनाच विचार करू द्या.

बरणी कुणाकडे सोपवायची, हेही आपणच ठरवतो. बहुतेक वर्गांत प्रयोग मुलगे करतात आणि मुली सुवाच्य अक्षरात वही लिहितात. मारियानं दोन्ही केलं: अळ्या पाळल्या आणि वहीही लिहिली. तिला कुणी परवानगी दिली नव्हती. फुलं काढायला दिलेल्या परवानगीत तिनं अळ्या बसवल्या. आपल्या वर्गातल्या मुलीला एवढा वळसा घालावा लागू नये. पुढच्या वेळी काड्यापेटी घेऊन कुणी आत आली, तर "टाक बाहेर" म्हणण्याआधी तिला एवढंच विचारू या: कुठल्या झाडावर सापडली गं?